सोनेरी टोप

“हलू नकोस गं! भांग वाकडा गेला तर सगळ्यांना कळेल टोप आहे ते.”

“अब्ला, सगळ्यांना माहीतच आहे.”

“माहीत असू दे. दिसता कामा नये. माझी अब्रू जाते.”

सायमेने ओठांत धरलेली शेवटची पिन गिऱ्हाईक म्हणून आलेल्या कॉलेजच्या मुलीच्या कानामागे खोचली आणि मागे सरकून मान तिरकी करून आरशात पाहिलं. खांद्यावर रुळणारे तपकिरी केस, कपाळावर हलकीशी बट. त्या केसांखाली मुलीचा घट्ट बांधलेला काळा रुमाल होता आणि रुमालाखाली तिचे स्वतःचे केस. युनिव्हर्सिटीच्या फाटकातून डोकं झाकलेल्या बाईला आत सोडत नसत. केस दिसले पाहिजेत, असा नियम. कुणाचे, ते लिहायचं राहून गेलं होतं, आणि त्या राहून गेलेल्या फटीतून उस्कुदार भागातल्या कितीतरी पोरी रोज कॉलेजात जात होत्या. टोप सगळे सायमेच्या हातचे, म्हणून ती त्या साऱ्यांची अब्ला, मोठी ताई.

चढावरच्या गल्लीत तिचं बायकांचं पार्लर होतं. काचेला जाड पडदा, पुरुषांना मज्जाव. आत आलं की सायमे आपला रुमाल खुंटीला अडकवायची आणि पांढरी होत चाललेली कमरेपर्यंतची वेणी पाठीवर सोडून कामाला लागायची. बाहेर निघताना रुमाल परत डोक्यावर. ती वेणी उभ्या उस्कुदारात फक्त तिच्या गिऱ्हाइकांनी, तिच्या मुलीने आणि वारलेल्या नवऱ्याने पाहिली होती.

“मला हे कधी कळलं नाही आणि कळणारही नाही!” ड्रायरच्या घुमटाखालून परिहान हानिम, म्हणजे परिहानबाई, ओरडल्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, दर मंगळवारी केस सेट करायला येत आणि वाद घालायला त्यांना नेमका ड्रायर सुरू झाल्यावरच हुरूप येई. “दिवसभर जगाचे केस नटवतेस आणि स्वतःचे झाकतेस!”

“मिठाईवाला कुठे दिवसभर बकलावा खात बसतो?” सायमेही ओरडली.

“विनोद नको. कारण सांग.”

“कारण काय सांगू? तरुणपणी माझं आणि अल्लाचं एक बोलणं झालं, ते मी पाळते. रुमाल मला कुणी धरून बांधला नाही, आणि कुणी धरून सोडवलेला मला चालायचा नाही. तुम्ही केस सेट केल्याशिवाय दारात तरी उभ्या राहता का? कसं उघडं उघडं वाटतं तुम्हाला? तस्संच मला वाटतं.”

“आज तू बांधतेस, उद्या मला बांधायला लावाल!”

“परिहान हानिम, पंचवीस वर्षं तुमचं डोकं माझ्या हातात आहे. झाकायचं असतं तर केव्हाच झाकलं असतं!”

पार्लरभर हशा पिकला. परिहान हानिमनाही हसू फुटलं, पण मुद्दा सोडलेला नाही हे दिसावं म्हणून त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

आता एवढा वाद घालणाऱ्या या बाई. पण सायमेच्या मुलीला, हुमेराला, शाळेत असल्यापासून भूगोलच काय, गणितही त्यांनीच शिकवलं, याच पार्लरमध्ये, डोक्याला रोलर लावून. हुमेरा फार्मसीला लागली तेव्हा साऱ्या गल्लीला त्यांनी लोकुमची मिठाई वाटली होती. मग फाटकावर हुमेराला अडवलं. पहिलं वर्षभर ती आणि तिच्या मैत्रिणी दर शुक्रवारी फाटकाबाहेर फलक धरून उभ्या राहिल्या: ‘शिकायला डोकं आलंय, रुमाल नुसता सोबत आलाय.’ सायमे त्यांच्यासाठी चीझचं ब्योरेक घेऊन जायची आणि फाटकावरच्या नजमी नावाच्या रखवालदारालाही एक तुकडा द्यायची. तो खायचा, हात पुसायचा आणि मान खाली घालून म्हणायचा, “नोकरी आहे, अब्ला.” नियम काही हलला नाही. पोरीचं आणखी एक वर्ष वाया जाऊ नये म्हणून सायमेनेच पहिला टोप विणला. त्या रात्री दोघी मायलेकी आरशासमोर आधी पोट धरून हसल्या आणि मग गपचूप झोपल्या.

आणि आता पदवीदान आलं होतं. प्रत्येक विद्यार्थ्यामागे पाहुणे दोन. पाहुण्यांनाही तोच नियम.

“आई, तू टोप घालून यायचं नाहीस हं,” आदल्या संध्याकाळी हुमेरा म्हणाली. “मी घातला तेवढा पुरे झाला आपल्या घराला. तुझ्या डोक्यावर मला नाही बघवणार. त्यापेक्षा फाटकाबाहेर थांब.”

“टोप कशाला? मी विचारून आलेय की! आयांना मागच्या रांगेत बसवणार आहेत, रुमालासकट.” सायमेने धडधडीत थाप मारली. “तू फक्त वर गेलीस की मागे बघ. बाबांनी आणलेला चेरीच्या रंगाचा रुमाल बांधून येते. लांबूनही दिसेन.”

हुमेराने आईला घट्ट मिठी मारली. थाप पचली याचा सायमेला आनंद झाला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी सकाळीच गेली. सायमे टोप शोधायला लागली आणि तिने कपाळावर हात मारला. चांगले चांगले टोप सगळे पोरींच्या डोक्यावर. आज त्यांचंही पदवीदान होतं ना! फळीवर एकच उरला होता, कुणा नवरीच्या मैत्रिणीने हौसेने करून घेतलेला आणि नंतर न नेलेला. सोनेरी, कुरळा, खांद्यांच्याही बाहेर जाणारा.

“अगं बाई,” दुसऱ्या पाहुण्या म्हणून निघालेल्या परिहान हानिम दारातच थबकल्या. “हे काय!”

“काही बोलू नका. पिना द्या.”

चेरीच्या रंगाचा रुमाल खाली, त्यावर आतली टोपी, त्यावर हे सोनेरी रान. सायमेने आरशात पाहिलं. बावन्नाव्या वर्षी अल्लाने हेही दाखवलं, असं मनात म्हणून ती बाहेर पडली.

गल्लीतल्या वाण्याने तिला ओळखलं नाही. मशिदीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने चक्क वळून पाहिलं. “सायमे,” परिहान हानिम दबक्या आवाजात म्हणाल्या, “रुमाल बांधून जातेस तेव्हा कुणी इतकं बघत नाही गं तुझ्याकडे.”

“तेच तर पंचवीस वर्षं सांगतेय तुम्हाला!”

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या युनिव्हर्सिटीकडे नेणाऱ्या बोटीवर तर कहरच झाला. चहाची तबकं फिरवणारा आरिफ हा तिच्या नवऱ्याचा बोटीवरच्या कामातला जुना जोडीदार. सायमे नेहमीसारखी खिडकीजवळ टेकणार, तोच तो धावत आला. “तिथे नका बसू, मॅडम, माफ करा. ती जागा आमच्या सायमे अब्लाची आहे. तिची मुलगी आज फार्मसिस्ट होतेय. येईलच ती एवढ्यात.”

तोंड उघडलं तर आवाजावरून ओळखेल, म्हणून सायमे मुकाट्याने उठली आणि पलीकडे जाऊन बसली. परिहान हानिम हातरुमालात तोंड घालून हसत होत्या. बोट सुटली तरी आरिफ धक्क्याकडे बघत होता, सायमे अब्ला कशी आली नाही म्हणून.

“मला रडू येतंय,” सायमे म्हणाली.

“रड. पण मान हलवू नकोस.”

फाटकावर नजमी होताच. तो ओळखणारच, असं सायमेला वाटलं. वर्षभर तिच्या हातचं ब्योरेक खाल्लेला माणूस! पण त्याने सोनेरी केसांकडे पाहिलं आणि अदबीने बाजूला झाला. “या मॅडम, या. पुढे खुर्च्या आहेत.”

त्याच वेळी तो दुसऱ्या हाताने एका खेडवळ बाईला अडवत होता. पांढरा मलमलीचा रुमाल, हातात कापडात बांधलेलं गाठोडं. “मावशी, किती वेळा सांगू? रुमाल काढा, नाहीतर इथेच बसा.”

“काढू कसा, बाळा? मी योझगातहून बसने आलेय. माझा बुन्यामीन इंजिनियर होतोय. मी कोपऱ्यात उभी राहीन, कुणाला दिसणारसुद्धा नाही.”

“नोकरी आहे, मावशी.”

ती बाई भांडली नाही. समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि गाठोडं मांडीवर घेतलं. सायमेचे पाय जागीच अडकले. परिहान हानिमनी तिला कोपराने ढकललं, “चल. आत्ता नाही.”

समारंभ बागेत होता. ऊन नुसतं भाजून काढत होतं. मागच्या रांगेत बसलेल्या सायमेच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या आणि तिला एकदम कळलं की पोरगी जूनच्या परीक्षेत हे असं डोक्यावर घेऊन पेपर लिहीत होती. कधी एका शब्दाने बोलली नाही.

“हुमेरा आयदिन!”

आली. काळा झगा, तपकिरी टोप, त्यावर पदवीची चौकोनी टोपी. मंचाच्या मधोमध येऊन तिने मागे पाहिलं. सायमेने हात हलवला. हुमेराची नजर मागच्या रांगेवरून डावीकडून उजवीकडे गेली, सायमेवरून सरळ पुढे गेली. सायमेने दोन्ही हात हलवले. नजर परत आली, क्षणभर त्या सोनेरी बाईवर थांबली आणि दुसऱ्या कुणाची तरी पाहुणी असेल, असं समजून पुढे सरकली. ती चेरीचा रंग शोधत होती. तो कुठेच नव्हता. पोरीचा चेहरा लहानपणी शाळा सुटल्यावर आई न दिसली की व्हायचा तसा झाला, आणि तिने प्राध्यापकांकडे वळून कागदासाठी हात पुढे केला.

“मला ओळखलं नाही हो तिने,” सायमे म्हणाली. “पोटच्या पोरीने ओळखलं नाही.”

पुढचं तिने ठरवून केलं नाही. ती उठली आणि पिना उपटायला लागली. एक, दुसरी, बाकीच्या सगळ्या तिने केसांसकट ओढल्या. टोप हातात आला, आतली टोपी गळून पडली आणि उन्हात नवऱ्याने आणलेला तो रेशमी रुमाल लखकन चमकला.

“हुमेराऽ!”

पोरीने मान वळवली. आधी रुमाल दिसला, मग आई, मग आईच्या हातातलं ते सोनेरी प्रकरण. आणि हुमेरा मंचावर, सगळ्या प्राध्यापकांच्या देखत, खदखदून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत होती आणि कागद आईच्या दिशेने उंच धरत होती. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना काय झालं ते कळलं नाही, पण पोरगी इतकी खूश बघून तेही हसू लागले.

नजमी धावत आला. “बाई, तुम्ही आत कशा... अरे देवा! ब्योरेकवाल्या अब्ला!”

“मीच. चल बाबा, माझं काम झालं.”

“थांब,” परिहान हानिमनी पर्स उचलली. “मीही येते.”

“तुम्ही कशाला? तुमचे केस आहेत की!”

“माझे आहेत, म्हणूनच ते कुठे न्यायचे ते मी ठरवीन,” परिहान हानिम म्हणाल्या, आणि हे आपण सायमेसारखंच बोललो ते लक्षात येऊन जराशा गोऱ्यामोऱ्या झाल्या. सायमेने ऐकलं, पण चिडवलं नाही. चिडवायला पुढचा मंगळवार होता.

दोघी खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत बाहेर आल्या. सायमे ताठ चालली, अजिबात घाई न करता. टाळ्या दुसऱ्याच कुठल्या पोरासाठी चालल्या होत्या, तिने त्या खुशाल आपल्या समजून घेतल्या.

फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर योझगातची बाई तशीच बसली होती. सायमे तिच्या शेजारी टेकली. टोप बाजूला ठेवला, तर कट्ट्यावरचं एक मांजर आलं, त्याने हुंगून पाहिलं आणि त्यातच अंगाचं मुटकुळं करून झोपलं.

“तुझी दिसली का गं?” त्या बाईने विचारलं.

“दिसली. आणि तिलाही मी दिसले.”

“माशाल्ला.” ती मनापासून म्हणाली, तिच्या आवाजात कुठे हेवा नव्हता. गाठोडं सोडून तिने सायमेला घरची सुकी जर्दाळू दिली. “माझा अजून व्हायचाय. इंजिनियरांची नावं शेवटी आहेत म्हणे. इथून भोंगा ऐकू येतो, तेवढं बरं आहे.”

परिहान हानिम उभ्याच होत्या. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, हाताने सेट केलेले केस चाचपले.

“मुलाचं पूर्ण नाव काय?” त्यांनी वर्गात हजेरी घ्यावी तसं विचारलं.

“बुन्यामीन. बुन्यामीन कोचाक. उंच आहे, कान जरा मोठे आहेत.”

“ठीक.” आणि परिहान हानिम वळल्या, तरातरा फाटकाशी गेल्या. नजमीने त्यांच्याकडे पाहिलं, मग कट्ट्यावर पाहिलं, आणि पूर्ण फाटक उघडलं. त्या आत दिसेनाशा झाल्या.

बराच वेळ दोघी जर्दाळू खात बसल्या. भोंग्यातून एकेक नाव येत होतं आणि जात होतं. मग ते आलं.

“बुन्यामीन कोचाक!”

ती बाई उठली. गाठोडं खाली ठेवलं, मलमलीचा रुमाल हनुवटीखाली नीट केला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सायमेही तिच्या शेजारी उभी राहिली. भिंतीपलीकडे टाळ्या झाल्या, इतरांना होतात तेवढ्याच, आणि थांबल्या. पण एक जोडी हात थांबले नाहीत. कुणीतरी आत एकटंच, जोरजोरात, वर्गातला गोंगाट गप्प करायला वाजवावी तशी टाळी वाजवत राहिलं. सायमेला ते हात ओळखू आले.

ती टाळी थांबेपर्यंत बुन्यामीनची आई खाली बसली नाही.