हाडाचा अहंकार

गुरुवारी जुनी इंदूर भागातल्या तुकोजी महाराजांच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ज्याच्या त्याच्या काखेत एक्स-रेचं पाकीट. पोहे-जलेबीवाल्याने शेजारी दुसरी गाडी लावली आहे आणि दाराशी एक्स-रेची व्हॅन कायमची उभी असते. चमत्कार तोही फोटोसकट! मग सुशिक्षित लोक का नाही येणार?

“हटो भिया, रस्ता द्या, आज डॉक्टर मॅडम भी आल्या आहेत,” कुणीतरी ओरडलं.

मॅडम म्हणजे मी, चारुलता. तुकोगंजात माझा दवाखाना आहे. हाताच्या हाडांची ऑपरेशनं करते. मला इथे ओढून आणलं होतं हृषीकेशने. तो चिंचवडहून आलेला इंजिनियर, इथल्या एका कारखान्यात सुटे भाग तपासण्याच्या विभागाचा प्रमुख. त्याची मुलगी अबोली कॉलेजात आहे आणि मल्लखांब करते. खांबावर तिला एकदा पाहिलं की नजर हटत नाही.

पण तिचं मनगट दुखत होतं. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात. अबोलीचं करंगळीकडचं हाड जरा जास्त लांब आहे. तुमच्या-माझ्या हाताला ते कळलंही नसतं. ही पोर मात्र सगळं अंग मनगटावर तोलते आणि ते हाड दर वेळी पुढच्या छोट्या हाडांवर आपटतं. उपाय सोपा आहे, सुखाचा नाही. हाड कापायचं, जास्तीची चकती काढायची, धातूची पट्टी आणि स्क्रू लावून पुन्हा जोडायचं आणि भरून येईपर्यंत खांबाला हात लावायचा नाही. ऑपरेशनची तारीखही ठरली होती. तेवढ्यात हृषीकेशचा फोन आला.

“मॅडम, ऑपरेशन नको. हाड आपोआप कमी झालं.”

“हाडं आपोआप कमी होत नाहीत, हृषीकेशराव.”

“मी स्वतः मोजलंय. आधीच्या आणि नंतरच्या फिल्मवर, व्हर्नियर लावून. पूर्ण दोन मिलीमीटर! मी बुवाबाजीवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी मोजमाप मानतो.”

मला हसावं की रडावं ते कळेना.

आत तुकोजी महाराज गादीवर बसले होते. पुढे अबोली, हाताला भगवी पट्टी. आज ती साक्षीला आली होती. महाराजांनी एका रोग्याचा हात धरला.

“बेटा, ही हड्डी मोठी क्यों झाली? अहंकार! मूठ आवळ. पालथी धर. अजून आवळ, सगळा राग मुठीत आण!” खट्. व्हॅनमधून आत आणलेल्या मशीनवर पहिला एक्स-रे. मग राख, फुंकर, पुटपुटणं. “आता हात उताणा कर. मूठ सोड. भगवान के सामने मांगने आया है ना? तसा धर. झुक गई हड्डी!” खट्. दुसरा एक्स-रे.

दोन्ही फिल्म उजेडाच्या काचेवर लागल्या. हाड खरंच मागे सरकलेलं दिसत होतं. जयजयकार झाला. रोग्याच्या हाताला पट्टी बांधली गेली आणि महिनाभर त्या हाताने ‘मौन’ पाळायचं, म्हणजे काहीच काम करायचं नाही, असं ठरलं.

माझं डोकं तापलं. मी पुढे झाले. “आता माझा हात घ्या. राख नको, मंत्र नको.”

महाराज गोड हसले. मी मूठ आवळून पालथी धरली. एक फोटो. मग हात उताणा केला, मूठ सोडली. दुसरा फोटो. काचेवर माझंही हाड मागे सरकलं.

“बघा!” मी ओरडून सांगितलं. “हात पालथा केला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं आणि किंचित मागे ओढलं जातं. मूठ आवळली की आणखी. म्हणून करंगळीकडचं हाड लांब दिसतं. उताणा केला की परत जागेवर. कापल्याशिवाय हाड कमी होत नाही, कुणाचंही नाही! हृषीकेशराव, तुमच्या कारखान्यात एखादा नग एकदा सरळ आणि एकदा तिरका धरून मोजला, तर पास कराल?”

हृषीकेशचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात महाराज उठले आणि स्वतःच्या गळ्यातला हार त्यांनी माझ्या गळ्यात घातला. “देखा? बिना मंत्र के! या दरबारात नुसतं पाऊल ठेवलं तरी अहंकार उतरतो. डॉक्टर का भी उतर गया!”

गर्दी माझ्या पाया पडू लागली. एका बाईने आपल्या लेकराचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “मॅडमजी, आप भी छू दो.” मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यांची दयाही आली.

बाहेर हृषीकेश म्हणाला, “मोजण्यात चुकलो, मान्य. पण तिचं दुखणं थांबलंय, त्याचं काय?”

“महिनाभर हात पट्टीत आहे. दुखेल कसा? खांबावर चढू दे, मग बघा.”

“पण मॅडम,” अबोली म्हणाली, “ऑपरेशन केलं तर दिवाळीनंतरचं टीमचं सिलेक्शन तर गेलंच ना? नाही केलं तर एक चान्स तर आहे.”

“एक वर्ष जाऊ दे, बाळा. हात राहील.”

तिने वडिलांकडे पाहिलं. “बघू,” हृषीकेश म्हणाला. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो ते मला माहीत होतं.

अबोलीची निवड झाली. शिबिरात मनगट पुन्हा ठणकू लागलं, तेव्हा तिने त्यावर राख चोळली, वर गोळ्या घेतल्या आणि सराव चालू ठेवला. उन्हाळ्यात ती माझ्यासमोर बसली तेव्हा तिला पेला उचलता येत नव्हता. हाडांवरचं गुळगुळीत आवरण झिजून गेलं होतं, मधली गादी फाटली होती.

“आता कापा मॅडम. जितकं कापायचं तितकं कापा.”

“कापेन. दुखणं कमी होईल. लिहिशील, स्कूटर चालवशील. मल्लखांब मात्र आता नाही.”

हृषीकेश तोंड फिरवून रडला.

त्या गल्लीत आता माझ्या दोन्ही फिल्म चौकटीत लावल्यात, खाली माझं नाव, ‘डॉक्टरांचा स्वानुभव’. मी तक्रार दिली आहे. रांग मात्र वाढलीच आहे, आणि ती कमी होईल असं मला वाटत नाही. तरीही सांगते, कारण न सांगणं मला जमत नाही. कुणी आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला, तर दोन्ही वेळा हात कसा धरला होता ते विचारा. दुखणं थांबलं म्हणाला, तर त्या काळात हाताला काम होतं का ते विचारा. आणि उत्तर मिळालं की कृपा करून त्याप्रमाणे वागा, लगेच वागा.

सोमवारी मी अबोलीचं हाड कापणार आहे. अगदी मोजून, दोन मिलीमीटर. मागच्या वर्षी एवढंच कापलं असतं, तर ती पुन्हा खांबावर चढली असती.