हळदीत राहिलेली जोडाक्षरं

आक्काताई मगदूम पहिलीत तिसऱ्यांदा बसली, त्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ महावीर बिगारीतून पहिलीत आला. साल एकोणीसशे शेहेचाळीस. गाव मळेगाव, आष्ट्याच्या अलीकडे, कृष्णेच्या काठी. जून उजाडला, शाळा भरली, आणि महावीर मोठ्या हौसेनं येऊन बहिणीशेजारी तरटाच्या पट्टीवर बसला. आक्काताई उठली आणि मागं भिंतीकडेला जाऊन बसली.

विनोदिनी सोहोनी या वर्गाच्या बाई. वाईच्या. पुण्याला ट्रेनिंग करून आलेल्या आणि गावात शालूबाई नावाच्या विधवेच्या घरी खोली घेऊन राहणाऱ्या. मळेगावात त्या नव्याच होत्या. पोरांची नावंही अजून नीट तोंडात बसली नव्हती, तेवढ्यात आठवडी बाजाराच्या दिवशी आक्काताईची आई चंपाबाई शाळेच्या दारात उभी राहिली.

"बाई, पोरीला आमी आता मळ्यावरच न्हेतो," ती म्हणाली. "तिला न्हाई जमत. आता बारका बी तिच्या बरोबरीला आला. उद्या त्यो फुडं जाईल आन ही हितंच. लोक हसत्यात."

"एवढं वर्ष राहू द्या," विनोदिनीबाई म्हणाल्या. "मी बघते."

"मागल्या मास्तरांनी बी आसंच म्हटलं व्हतं." पण चंपाबाईनं मुलीला लगेच नेलं नाही. हळदीचं काम अजून लांब होतं.

शाळेचे हेडमास्तर गंगाधरपंत आगाशे. त्यांचा एकच नियम होता आणि तो सगळ्या गावाला माहीत होता: ज्याला वाचता येत नाही, तो वर चढत नाही. पाटलाच्या नातवालाही त्यांनी एकदा पहिलीत ठेवला होता. गेली काही वर्षं जिल्ह्यात चळवळीची धामधूम होती, शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब खेड्यांकडे फारसे फिरकत नव्हते, त्यामुळं परीक्षा आगाशे मास्तरच घेत. पुस्तकाचं शेवटचं एखादं पान उघडायचं आणि म्हणायचं, वाच. आक्काताई दोन्ही वर्षं त्या पानावर अडली होती.

आक्काताई मठ्ठ आहे असं विनोदिनीबाईंनाही पहिल्यांदा वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की फळ्यावर अक्षर पुरतं लिहून व्हायच्या आत ही पोरगी ते ओळखते, आणि ओळखलं की पुढच्या पोरीची वेणी सोडून पुन्हा घालत बसते. काना, मात्रा, वेलांटी, सगळं तिला येत होतं. एकदा मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ बोलावलं आणि पुस्तक हातात दिलं. पुढची पानं तिनं सरसर वाचली. मग एका ओळीत 'रस्ता' हा शब्द आला, आणि ती गप्प झाली.

"काय झालं?"

"ह्यो स मोडलाय, बाई."

"मोडलेला नाही. त्याला जोडाक्षर म्हणतात. शिकवलं नव्हतं का तुला?"

"आमच्यात न्हाई आलं ते."

"कसं नाही आलं? सगळ्यांना शिकवतात."

आक्काताईनं खांदे उडवले. "कवा शिकीवत्यात? हळद निघाली की आमी न्हाई येत."

विनोदिनीबाईंनी मग मागचा हिशेब मनाशी जुळवला. दिवाळीपर्यंत अक्षरं, संक्रांतीपर्यंत बाराखडी, आणि त्यानंतर जोडाक्षरं. नेमकी त्याच वेळी मळेगावात हळद निघते. हळकुंडं खणायची, काहिलीत शिजवायची, अंगणात वाळत घालायची, राखण करायची. घरात आठ-नऊ वर्षांची मुलगी असेल तर तिला या कामातून सुटका नाही. पाडव्याच्या सुमाराला काम उरकून आक्काताई शाळेत येई, तोवर परीक्षा तोंडावर. मग नापास. मग जूनमध्ये पुन्हा 'ग गणपतीचा'. जे येत होतं तेच ती वर्षानुवर्षं शिकत आली होती आणि जे येत नव्हतं ते कधी तिच्या वाट्यालाच आलं नव्हतं.

बाई हेडमास्तरांकडे गेल्या.

"मगदुमांच्या आक्काताईला आणि तिच्यासारख्या आणखी मुलींना मला आत्ताच जोडाक्षरं शिकवायची आहेत."

आगाशे मास्तर चष्मा पुसत होते. "आत्ता? वर्ग अजून 'घ'वर आहे."

"वर्ग आहे. त्या मुली नाहीत."

"सोहोनीबाई, शाळेला एक क्रम असतो. प्रत्येकासाठी वेगळा क्रम लावला तर मास्तरानं किती तोंडांनी शिकवायचं?"

"मग तिला वर तरी चढवा. दुसरीत शिकेल ती."

"दुसरीत कोण शिकवणार आहे?" मास्तर शांतपणे म्हणाले. "तिथले मास्तर म्हणतील, वाचायला शिकवणं माझं काम नाही, ते पहिलीचं. तिसरीतले तेच म्हणतील. चौथीतून बाहेर पडेल आणि सही करायची वेळ आली की अंगठा पुढं करील. अशी मुलं मी पाहिली आहेत, बाई. म्हणून मी अडवतो. मला काही हौस नाही."

मास्तरांचं म्हणणं खोटं नव्हतं हे विनोदिनीबाईंना दिसत होतं. त्या उठल्या. दारापाशी पोचल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "शाळेच्या वेळेबाहेर तुम्ही काय करता ते मी विचारणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी शालूबाईच्या सोप्यात वर्ग भरू लागला. आक्काताई, आणखी दोन मळेकऱ्यांच्या मुली आणि एक तांबोळ्याची. शालूबाई चुलीपुढून ऐकत असे आणि मध्येच विचारत असे, "मग 'म्हातारी' कसं लिवायचं गं? दाव की मला." आक्काताई पाटीवर लिहून दाखवी. अर्ध्या अक्षराला ती शेवटपर्यंत मोडलेलंच म्हणायची. मोडका स, मोडका म. बाईंनी तिला दुरुस्त करणं सोडून दिलं. दसरा झाला तोवर ती अडखळत का होईना, पण पुस्तक शेवटपर्यंत वाचू लागली.

दिवाळीनंतर बाईंनी तिला हेडमास्तरांसमोर उभं केलं. मास्तरांनी पुस्तक बाजूला सारलं आणि टेबलावरचं शिळं वर्तमानपत्र तिच्या पुढ्यात टाकलं. त्यात पुण्यातल्या एका दुकानाची जाहिरात होती. आक्काताईनं बोट ठेवून वाचलं, "उत्कृष्ट... रेशमी... वस्त्रांचे... विश्वसनीय..." आणि मान वर करून विचारलं, "म्हंजे काय वो, मास्तर?"

"म्हणजे लुगडी चांगली मिळतात," मास्तर म्हणाले. मग बाईंकडे वळून, "येतं हिला."

त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे पुष्कळच होतं.

त्याच थंडीत वरून नवा हुकूम आला. पहिलीत फार मुलं साचतात, वर्षानुवर्षं तिथंच बसतात आणि शेवटी शाळा सोडतात. तेव्हा यापुढं पहिलीतून दुसरीत चढवताना परीक्षेवर अडवू नये. ज्याची हजेरी पाऊण वर्षाची भरेल त्याला वर घालावं, ज्याची भरणार नाही त्याला ठेवावं. विनोदिनीबाईंना फार आनंद झाला. आगाशे मास्तरांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि ते आपल्या वर्गावर निघून गेले.

संक्रांत झाली आणि हळद निघाली. आक्काताई यायची बंद झाली. तेव्हा कुठं हजेरीचं बाईंच्या ध्यानात आलं. त्या तडक मगदुमांच्या मळ्यावर गेल्या.

काहिलीखाली जाळ लागला होता, वाफेनं सगळीकडं धुकं झालं होतं. चंपाबाई आणि तिचा नवरा आप्पासो शिजलेली हळकुंडं उपसत होते. आक्काताई पाटीनं ती नेऊन खळ्यावर पसरत होती. हात कोपरापर्यंत पिवळे.

"आता तिला पाठवा हो," बाई म्हणाल्या. "हजेरी भरली नाही तर ती पुन्हा पहिलीत राहील."

"तिला वाचाया येतंय म्हनत व्हता की तुमी," आप्पासो म्हणाला.

"येतं. पण आता नियम हजेरीचा आहे."

आप्पासोनं हातातलं काम थांबवलं. "म्हंजे येत न्हवतं तवा येत न्हाई म्हणून ठिवली. आता येतंय तर हजर न्हाई म्हणून ठिवायची?"

बाई चंपाबाईकडे वळल्या.

"आवं बाई, हळद कुणासाठी थांबती व्हय?" चंपाबाई म्हणाली. "म्हावीर जातोय की रोज. येक पोर शाळंत, येक कामाला. आनी काय करावं मानसानं?"

महावीर खरोखरच रोज शाळेत जात होता. एक दिवस चुकवत नव्हता. पण त्याचं सगळं वाचन कानानं होतं. इतर मुलं म्हणत ते तो म्हणे, सगळ्यांत मोठ्यानं, आणि नजर खिडकीबाहेर. बाईंनी त्याच्यावर पुष्कळ मेहनत घेतली, पण बाराखडी काही त्याच्या डोक्यात शिरली नव्हती.

चैत्रात डेप्युटीसाहेब आले. बऱ्याच वर्षांनी आले म्हणून शाळा सारवली होती, दारात रांगोळी होती. परत आलेल्या मुलांबरोबर आक्काताईही मागं बसली होती. साहेबांनी हजेरीप्रमाणे नावं वाचायला सुरुवात केली. महावीर मगदूम, वर. आक्काताई मगदूम, खाली.

"साहेब," आगाशे मास्तर म्हणाले, "एक विनंती आहे. या दोघांना वाचायला लावा."

"त्याची आता गरज नाही."

"माझ्यासाठी म्हणून."

साहेब म्हातारे आणि शांत स्वभावाचे होते. त्यांनी महावीरला बोलावलं, पुस्तक उघडलं. पानावर कावळ्याचं चित्र होतं. महावीरनं कावळ्याचा धडा खणखणीत म्हटला. साहेबांनी पान उलटलं, आणि तिथल्या चित्रावर तळवा ठेवला. महावीर साहेबांच्या हाताकडे बघत उभा राहिला. मग आक्काताई आली आणि तोच धडा वाचून गेली. एका ठिकाणी चुकली, मागं गेली, पुन्हा वाचलं.

"हा वर जाणार आणि ही राहणार," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मी तीस वर्षं मुलं अडवली, साहेब. पण ज्याला येतं त्याला कधी अडवलं नाही."

"मला दिसतंय, मास्तर," साहेब म्हणाले. "पण मी एका मुलीसाठी हजेरी भरून घेतली तर दर शाळेत तेच होईल. नियम एवढ्यासाठीच असतो." त्यांनी पुस्तक मिटलं आणि पुढचं नाव घेतलं.

महावीर दारामागं जाऊन रडला. आपण वर गेलो हे त्याला कळलं होतं, तरी रडला.

डेप्युटीसाहेबांची बैलगाडी गेल्यावर विनोदिनीबाई रिकाम्या वर्गात बसून होत्या. आगाशे मास्तर आत आले.

"मला आवडला होता तो हुकूम," बाई म्हणाल्या.

"वाईट नाही तो. माझाही नियम वाईट नव्हता." मास्तर खिडकीशी उभे राहिले. "हे बघा. आत्ता मध्येच कराडहून लोहाराचा मुलगा आला, आठवतं? त्याला मी तिसरीत बसवला. त्याची हजेरी विचारली होती का?"

"नाही. वाचायला लावलं होतं."

"नवीन मूल आलं की त्याला काय येतं ते पाहून इयत्ता द्यायची. तोही नियमच आहे, आणि तो कुणी रद्द केलेला नाही." ते वळले. "चंपाबाईंना बोलवा."

चंपाबाई आली ती पदर खोचून, भांडायच्या तयारीनं. मास्तरांनी तिला बसायला सांगितलं आणि म्हणाले, "आक्काताईचं नाव शाळेतून काढून टाका."

चंपाबाई बघतच राहिली. "वर्सभर न्हाई काढायचं म्हनत व्हता. आता तुमीच काढा म्हंता?"

"आज काढा. शाळा उघडली की पुन्हा घाला. नवीन मुलगी म्हणून. मी तिची परीक्षा घेईन आणि दुसरीत बसवीन."

"आन म्हावीर?"

"तोही दुसरीत."

"मंग ही त्याच्या मागं न्हाई?"

"मागं नाही. शेजारी."

चंपाबाईनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. चंपाबाई थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "शाळंचं काय बी कळत न्हाई बगा," ती म्हणाली. "पर तिची लय इच्छा हाय. घाला."

जूनमध्ये आक्काताई नव्या मुलीसारखी हेडमास्तरांसमोर उभी राहिली. त्यांनी तिला सबंध पान वाचायला लावलं, एक शब्दही सोडला नाही, आणि दाखल्यावर इयत्ता दुसरी असं स्वतःच्या हातानं लिहिलं. त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी महावीरला थांबवून घेतलं. "तू वर आलास ते हजेरीनं," ते म्हणाले, "आता वाचायचंही बघू." पावसाळाभर तो रोज सुटल्यावर त्यांच्यासमोर बसत होता. चित्र नसलेलं पान त्याला भाद्रपदात वाचता आलं. मास्तरांनी त्याला एक पेरू दिला आणि घरी पाठवलं.

हळद निघाली की शाळेनं सुट्टी द्यावी आणि तेवढे दिवस उन्हाळ्यात भरून काढावेत, असं आगाशे मास्तरांनी वर कळवलं होतं. उत्तर आलं नाही. विनोदिनीबाईंनी मात्र पहिलीत जोडाक्षरं दिवाळीआधीच शिकवायला सुरुवात केली, आणि आता मास्तरांनी क्रमाचं नाव काढलं नाही.

आक्काताई चौथी झाली. पुढची शाळा आष्ट्याला, आणि तिथं तिला कुणी पाठवलं नाही. तोवर बाईंची बदली कराडला झाली होती. लग्नाआधी आप्पासोच्या घरात सगळी कागदपत्रं तीच वाची, बाजारात हळदीच्या भावाचा फलक लागला की तो वाचून बापाला सांगे, आणि महावीर शेजारी उभा राहून ती बरोबर वाचते की नाही ते बघत असे.