चाओ मावशींची औषधाची हंडी

मित्रांनो, मी औषध उकळायची एक जुनी मातीची हंडी आहे. चीनमधल्या युन्नानच्या डोंगरातल्या कुंभाराने मला घडवलं. लोखंडात औषध नासतं, मातीत मुरतं, म्हणून माझा मान.

माझी मालकीण चाओ मावशी. पण आमच्याकडे औषधाची हंडी उसनी नेणाऱ्याने परत करायची नसते. केली तर दुखणं मालकाच्या दारात जातं. मालकानेच येऊन न्यायची, नाहीतर पुढच्या आजाऱ्याने. अशी मी घरोघर फिरले. कुणाचा खोकला निवला, कुणी बाळंतीण उठून बसली. सगळे म्हणत, "मावशींची हंडी गुणाची!" मला फार बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्या यांग देशेंगांचे गुडघे धरले. त्यांची सून गुइझन मला घेऊन आली. वैद्याने फूझी दिली होती. बचनागाच्या कुळातला हा कंद थंडीने आखडलेलं अंग मोकळं करतो, पण अर्धकच्चा राहिला तर जीव घेतो.

"सकाळपासून उकळत ठेव," वैद्याने बजावलं. "पाणी आटलं तर उकळतंच घाल. आणि जिभेच्या टोकाला झिणझिणलं, तर पुन्हा चुलीवर."

दुपारी पाणी आटलं. उकळत्या पाण्याची किटली रिकामी होती. गुइझनने रांजणातलं गार पाणी ओतलं आणि माझी उकळी मोडली. मला ते कळलं, पण हंडीला बोलता कुठे येतं?

संध्याकाळी तिने चाखून पाहिलं. "बाबा, जीभ बधिरतेय. अजून शिजू द्या."

"अगं, जीभ बधिरली नाही तर ते औषध कसलं? आण इकडे!"

"वैद्यांनी सांगितलंय ना..."

"वैद्याच्या गुडघ्यात कळा येतात का? सासऱ्याला असंच कळवळत ठेवतेस होय?"

तिने वाडगा भरून दिला आणि त्यांनी तो संपवला. आधी त्यांचे ओठ बधिरले, मग छाती धडधडू लागली, मग जीभ जड झाली. शेजाऱ्यांनी त्यांना उचलून दवाखान्याकडे धाव घेतली. ते वाटेतच गेले.

तेव्हापासून मी गुइझनच्या चुलीमागे पडून आहे. चाओ मावशी न्यायला येत नाहीत, कुणी आजारीही येत नाही. परत करायची रीत नाही आणि फोडायला तिचा हात धजत नाही. ती रोज किटलीभर पाणी उकळते आणि तसंच निवू देते. मला तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, असले कंद वैद्याला विचारल्याशिवाय शिजवू नका, आणि त्याने सांगितलेलं अर्ध्यावर सोडू नका. जीभ झिणझिणली तर वाडगा भरू नका. घरचं मोठं माणूस रागावेल. रागावू द्या. रागावून झोपलेलं माणूस सकाळी उठतं तरी.