आधी कोणी आलंय का?

मी एक टोप बोलतोय. डोक्यावर घालायचा नव्हे, शेगडीवर चढवायचा. घरभर माणसांना पुरेल एवढं पेय माझ्यात सहज मावतं. वर्षभर मी माळ्यावर पालथा पडून असतो, त्यामुळे बोलायला कोणी मिळालं की मला आवरत नाही. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. जाड पत्र्याची चकती यंत्राखाली गेली आणि एका दणक्यात माझं पोट तयार झालं. कान मात्र माणसाने बसवले. बसवताना त्याचं सगळं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे असणार, कारण माझा डावा कान उजव्यापेक्षा चांगला बोटभर वर आहे. दुकानात गिऱ्हाइकं मला उचलायची, निरखायची आणि नाक मुरडून खाली ठेवायची. शेवटी एका सलूनवाल्याने मला पसंत केलं. दुकानदार बिचारा कानाबद्दल सारवासारव करू लागला, तर तो म्हणाला, "कानांचं काय घेऊन बसलात? दिवसभर मी तेच बघतो. दोन्ही सारखे कोणाचेच नसतात."

तेच माझे मालक. त्यांनी मला आणलं ते एकाच कामासाठी. हिवाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की पहिल्या रविवारी ते झाडून सगळ्यांना घरी बोलवायचे. जेवण वगैरे काही नाही, फक्त गरम पेय. सफरचंदाचा रस, त्यात दालचिनी, लवंगा, ठेचलेलं आलं, संत्र्याच्या साली आणि उतरवल्यावर मध. मालकीणबाईंचा हात त्यावर असा बसला होता की चव कधी इकडची तिकडे झाली नाही. मध ढवळून झाला की त्या वाफेवर वाकायच्या आणि धुरकटलेला चष्मा पदराने पुसत "जमलंय" म्हणायच्या.

पण मालकांचा एक नियम होता. पहिला पाहुणा घरात आल्याशिवाय माझ्याखालची शेगडी पेटवायची नाही. मालकीणबाई सुरुवातीला खूप कुरकुरल्या. लोक थंडीत कुडकुडत येणार आणि आपण त्यांना ताटकळत ठेवणार, ही कुठली रीत, असं त्यांचं म्हणणं. मालक हसायचे. सलूनमध्ये त्यांनी आयुष्यभर एक गोष्ट पाहिली होती. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक डोळे मिटून गप्प होतं. खऱ्या गप्पा रंगतात त्या बाकावर, नंबर यायची वाट बघताना. "आल्या आल्या पेला हातात दिला तर पिऊन चालू लागतात," ते म्हणायचे. "थांबायला लावलं की माणूस बोलतो."

मी पण काही घाई करायचो नाही. माझं बूड जाड, तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात कोणाचं भांडण मिटायचं, कोणाच्या पोरीचं लग्न ठरत आल्याचं बाहेर पडायचं, कोणी मनातलं बोलून मोकळं व्हायचं.

पहिला येईल त्याने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सगळी संत्री सोलायची, असंही ठरलेलं होतं. त्यामुळे पहिलं यायला कोणी राजी नसायचं. मालकांची थोरली बहीण कोपऱ्यावरच्या दुकानात उगाच भाव विचारत रेंगाळायची. धाकटा भाऊ गाडी लावायला एवढा वेळ घ्यायचा की जणू विमान उतरवतोय. मग मालक स्वतः तळमजल्यावर जायचे आणि तिथल्या सुताराला दंडाला धरून वर आणायचे. सुतार तोंड वाकडं करून सोलायला बसायचा. त्याचा आवाज खाली गेला की बाकीचे भराभर जिना चढायचे.

मागच्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधीच मालक गेले. त्या सुट्टीत मला कोणी खाली काढलं नाही. रिकामं राहणं मला नवीन नव्हतं, पण त्या वेळी फार एकटं वाटलं. आता आपण कोणालाच नको आहोत, असं वाटत राहिलं.

यंदा मात्र मालकीणबाई स्टुलावर चढल्या, एका हाताने भिंत धरली आणि मला खाली उतरवलं. लख्ख घासलं. नणंदेला, दिरांना, सुताराला, सगळ्यांना स्वतः बोलावणं केलं. सगळे म्हणाले, येणार म्हणजे येणार. हे घर पुन्हा भरतं की नाही, एवढंच मालकीणबाईंना बघायचं होतं. पुसून झालेले पेले त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

रविवारी दुपारीच माझ्यात रस ओतून झाला. मसाला ताटलीत काढून ठेवला. शेगडी बंद. मालक नसले तरी नियम तोच होता.

पहिला फोन नणंदबाईंचा. "वहिनी, आधी कोणी आलंय का?" अजून नाही, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, कोणी आलं की कळवा, मी निघालेच. मग दिरांचा फोन, त्यांचंही तेच. थोड्या वेळाने जिन्यावर सुताराच्या चपला वाजल्या. दाराशी थांबल्या. आत बोलण्याचा आवाज नाही हे कळल्यावर हळूच परत खाली गेल्या. मालकीणबाईंनीही ते ऐकलं.

मला त्या सगळ्यांचा राग आला, पण कारणही समजत होतं. संत्री सोलायचा कंटाळा कोणाला नव्हता. एकट्याने त्या घरात शिरायचं, मालकांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायचं आणि मालकीणबाईंशी बोलायचं तरी काय, याची सगळ्यांना धास्ती होती. दुसऱ्या कोणीतरी आधी जावं, मग आपण जाऊ, असं जो तो म्हणत होता. दंडाला धरून आणणारा आता नव्हता.

अंधारून आलं तेव्हा नणंदबाईंचा पुन्हा फोन आला. आलं का कोणी? मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग एका हाताने शेगडी पेटवली आणि म्हणाल्या, "हो, आलेत ना. तुमचीच वाट बघतोय."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी खोटं ऐकलं नव्हतं. पण बुडाला ऊब लागली आणि मला वाटलं, आता येतील सगळे.

पलीकडे नणंदबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. मला इथपर्यंत ऐकू आला. "बरं झालं बाई. तुम्ही एकट्या असाल म्हणून जीवाला घोर लागला होता. सोबत आहे ना आता? मग मी यंदा राहू देते, गुडघा फार दुखतोय. धाकट्याला पण कळवते, काळजी करू नको म्हणून."

मालकीणबाई हो हो म्हणाल्या, गुडघ्याला शेक घ्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. खरं सांगायची वेळ निघून गेली होती.

शेगडी त्यांनी विझवली नाही. टोपली पुढे ओढली, त्या स्टुलावर बसल्या आणि संत्री सोलू लागल्या. एक सोलून झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "सलूनची खुर्ची विकली हो मी. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं." आणि मग बोलतच राहिल्या. खुर्ची नेताना खिडकी कशी काढावी लागली, आता दुकानावरून जायला नको म्हणून लांबच्या रस्त्याने भाजी आणायला कशा जातात, रात्री दाराची कडी दोनदा का बघतात, सगळं. मी तापत होतो आणि ऐकत होतो. पण हुंकार द्यायला माणूस लागतं.

मध घातलाच नाही. एक पेला भरला, दोन घोट घेतले आणि तो तसाच राहिला.

आज मी ओट्यावरच आहे, गळ्यापर्यंत भरलेला आणि गार. टाकवत नाही त्यांना, आणि माळ्यावरही ठेववत नाही. सकाळपासून घरात कोणी बोललेलं नाही. तुम्हालाही असं एखादं बोलावणं आलं असेल आणि आधी कोणी आलंय का हे विचारायला तुम्ही फोन हातात घेतला असेल, तर कृपा करून तो खाली ठेवा आणि निघा. काय बोलायचं हे ठरवून यायची गरज नाही. तुम्ही पोहोचाल तेव्हा पेय गारच असेल, ते तापायला वेळ लागेल. तेवढं थांबा.