मुंग्याबिंग्या काही नाही ना?

सुया टोचणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत दोन खाटा होत्या आणि मध्ये एक हिरवा पडदा. सिस्टर खिडकीकडच्या खाटेवर पडल्या होत्या. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, घोट्यापाशी आणि पंजांच्या पाठीवर मिळून सोळा सुया. हलायचं नाही, ही एकच अट. ज्या बाईने उभ्या जन्मात कधी पाच मिनिटं बूड टेकलं नव्हतं, तिला ही शिक्षा सुयांपेक्षा भारी होती.

त्यांचा आजार बरा झाला होता. केसही परत आले होते. पण केमोने बोटांची टोकं आणि तळपाय जे बधिर केले होते, ते सात महिने झाले तरी तसेच. पंचवीस वर्षं केमोच्या वॉर्डात काढलेली ही बाई. शीर शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आणि आता स्वतःच्या मनगटावरची नाडी बोटांना लागत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "खात्री देत नाही हं. काहींना फरक पडतो, काहींना नाही."

दार उघडलं. पुरुषाचा आवाज आला, "आता इथे तरी नीट सांग सगळं. तिकडच्यासारखी तोंड शिवून बसू नकोस."

"हो," एक बाई म्हणाली.

त्या एका 'हो'वरून सिस्टरांनी ओळखलं. वॉर्डातली बाइंडिंगवाली. नवरा-बायको मिळून पुस्तकबांधणीचं दुकान चालवायचे. सिस्टरांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

नवऱ्याला बाहेर बसवून डॉक्टरीणबाईंनी विचारपूस सुरू केली.

"बोटं कधीपासून बधिर आहेत?"

"दुसऱ्या केमोपासून. आता बोटाखाली एक पान आहे की दोन, तेच कळत नाही. परवा आख्ख्या पुस्तकाच्या घड्या चुकवल्या."

"मग तेव्हाच तिथे सांगितलं नाहीत? औषध कमी करता आलं असतं, बदलता आलं असतं."

"मला वाटतं, सांगितलं होतं. पण फॉर्मवर दर वेळी 'त्रास नाही' असंच लिहिलंय. यांनी सगळे कागद काढून पाहिले."

पडद्याअलीकडे सिस्टरांचे कान तापले. तो फॉर्म त्यांचाच. मळमळ, ताप, तोंड येणं, बधिरपणा, प्रत्येकापुढे चौकट. बधिरपणापुढे खूण केली की डॉक्टरांना बोलवायचं, असा नियम होता. डॉक्टर यायचे दुपारी. तोवर खाट अडायची, औषध खोळंबायचं आणि रांग दारापर्यंत जायची. सिस्टरांचा वॉर्ड तर तीनच्या आत रिकामा व्हायचा आणि त्याचा त्यांना केवढा तोरा! म्हणून त्या प्रश्नच असा विचारायच्या, "मुंग्याबिंग्या काही नाही ना?" पेन आधीच 'नाही'वर टेकवलेलं. शंभरातले नव्वद पेशंट मान हलवायचे. ही बाई मात्र हळूच म्हणाली होती, "येतात हो थोड्या." सिस्टर म्हणाल्या होत्या, "येणारच! केमो आहे, मालिश नाही." सगळा वॉर्ड हसला होता आणि हीसुद्धा हसली होती. खूण 'नाही'वरच पडली होती.

आणि स्वतःवर पाळी आली, तेव्हा सिस्टरांनी कुठे तोंड उघडलं होतं? आपल्याच हाताखालच्या मुलीने फॉर्म पुढे धरला, तेव्हा काय म्हणून सांगणार होत्या?

सुया टोचून डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. दोघी उताण्या, मध्ये पडदा.

"ताई, तुम्हाला फरक पडला का हो?" बाइंडिंगवालीने विचारलं.

"हं," सिस्टर म्हणाल्या. आवाज ओळखू येऊ नये, म्हणून एवढंच.

"माझी केमो झाली ना, तिथे एक मोठ्या सिस्टर होत्या. काय हात त्यांचा! एका टोचण्यात शीर. फार धीर द्यायच्या. त्यांना मी नीट सांगितलं असतं, तर त्यांनी नक्की काहीतरी केलं असतं."

सिस्टरांना वाटलं, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या ऐकून त्यांना उत्तर देता येत होतं, वॉर्डात त्यासाठीच त्या प्रसिद्ध होत्या. या कौतुकापुढे मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठून पळावं, तर सोळा सुया. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं राहिली होती. अकरा मिनिटं मूग गिळून पडून राहायचं, मग तोंडाला ओढणी लावून निघून जायचं, आणि पुढच्या वेळच्या सुयांची वेळ बदलून घ्यायची. सगळं अगदी सोपं होतं.

"घरात रोज तेच," पलीकडून आवाज आला. "'तोंड नव्हतं का तुला?' म्हणतात. दुकानाचं सगळं त्यांच्यावर पडलंय, त्यांचंही चुकत नाही. आता तर मलाच वाटायला लागलंय, मी बोललेच नसेन. तेव्हा डोकं तरी कुठे ठिकाणावर होतं?"

सिस्टरांनी डोळे मिटले.

"तुम्ही सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दोनदा सांगितलंत. एकदा मी चेष्टा केली. दुसऱ्यांदा मी ऐकलंच नाही, सलाइन बदलत होते. मी लिहिलं नाही. वॉर्ड लवकर आटपायचा होता मला."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायला धडपडत होतं.

"मोठ्या सिस्टर?"

"हो. मीच."

सिस्टर वाट पाहत होत्या. रडेल, ओरडेल, नाहीतर 'जाऊ द्या हो' म्हणेल. या तिसऱ्याची त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. तिने तिन्हींतलं काहीच केलं नाही.

"हे त्यांना सांगा," बाइंडिंगवाली म्हणाली. "बाहेर बसलेत. मी सांगून पटायचं नाही."

"सांगते."

"आत्ता. माझ्यासमोर."

आधी सिस्टरांच्या, मग बाइंडिंगवालीच्या सुया निघाल्या. सिस्टर भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि दोघी बाहेर गेल्या. नवरा बाकावर पेपर वाचत होता. सिस्टरांना पाहून तो हसत उठला, "अरे, सिस्टर! तुम्ही इथे?"

सिस्टरांनी सांगितलं. उभ्याउभ्या, मान वर न करता, एकही 'पण' न घालता. शेजारी बसलेले दोघे पेशंटही ऐकत होते. तरी सिस्टरांनी आवाज कमी केला नाही.

नवऱ्याचं हसू ओसरलं. तो सिस्टरांवर तुटून पडेल असं वाटलं, पण त्याने त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही. तो बायकोकडे पाहत होता.

"वर्षभर मी हिला..." तो म्हणाला, आणि त्याने पेपरची घडी घालायला घेतली.

सिस्टर फरशीकडे बघत होत्या, नवरा पेपरकडे. दोघांच्या मध्ये बाइंडिंगवाली ताठ उभी होती आणि दोघांकडे आळीपाळीने, न घाबरता बघत होती.