चोच तुटलेला पोपट आणि चौदा कोंबड्या

मित्रांनो, माझ्या चार कोपऱ्यांवर चार लाकडी पोपट आहेत. त्यांतल्या एकाला चोच नाही. पाहुणे विचारतात, "कुठल्या बाळाने तोडली हो?" बाळाने नाही तोडली. एका पांढऱ्या कोंबडीने तोडली. ती कशी, हे सांगायचे तर मला पहिल्यापासून सांगावे लागेल.

मी एक जुना पाळणा आहे. सावंतवाडीच्या एका कारागिराने मला घडवले आणि लाखेच्या लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांनी सजवले. बोटीतून मी मुंबईला आलो आणि चिंचपोकळीच्या एका चाळीत राहिलो. तिथे मी एका घराचा कधीच नव्हतो. ज्या घरी बाळ येई, तिथे मला नेत. नव्या पाळण्यापेक्षा, ज्यात मुले धडधाकट वाढली तो मागून आणलेला बरा, असे तिथल्या बायका मानत. सतरा मुले माझ्यात वाढली. पहिला होता गुणाजी. त्याला आता चांगल्या झुपकेदार मिशा आहेत.

त्यानंतर एकदा मात्र वर्षभर चाळीत कुणाकडेच बाळ आले नाही. एवढ्याशा खोल्यांत मला ठेवणार कुठे? तळमजल्यावरच्या जाईबाई मला घेऊन गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या तुळईची कडी रिकामीच होती.

"रिकामो पाळणो बरो नाय," जाईबाई म्हणाल्या. "काय तरी जीव होयो त्याच्यात." आणि त्यांनी माझ्यात भाताचे तूस पसरून अकरा अंडी मांडली आणि वर आपली खुडूक कोंबडी बसवली.

त्यांचे यजमान भिवा गिरणीतून आले आणि दारातच थबकले. "अगो, पाळण्यात कोंबडी?"

"मग काय तुमका निजवू?"

खरे सांगतो, मला लाज वाटली. पण एकविसाव्या दिवशी माझ्यात चिवचिव झाली. सतरा मुलांचे रडणे मी ऐकले होते, तरी हा आवाज ऐकून माझ्या कड्या आपोआप किणकिणल्या.

पिल्ले मोठी झाली. त्यांना आणखी पिल्ले झाली. खोलीत माणसांना पाय ठेवायला जागा उरेना. सुताराला बोलवायला पैसे नव्हते, म्हणून भिवांनी मला मागच्या अंगणात शेवग्याखाली नेले आणि चार विटांवर चक्क उलटा ठेवला. माझा तळ झाला छप्पर. माझ्या दांड्या झाल्या गज. वारा आत येई, मांजर येत नसे. कोंबड्या चौदा झाल्या तेव्हा भिवांनी माझ्या तीन दांड्या काढून जपून ठेवल्या आणि त्या फटीला वाण्याकडचे चहाचे खोके जोडले. खिळेसुद्धा जुनेच, दगडावर ठोकून सरळ केलेले.

माझे पोपट बिचारे शीर्षासन करत राहिले. पांढऱ्या कोंबडीला त्यांतला एक मुळीच खपत नसे. ती रोज त्याच्याशी भांडे, आणि एक दिवस त्याची चोच गेली.

दिवस मावळायच्या आत त्या चौदाही जणी आपणहून परत येत. कोंबडीला घर एकदा कळले की ती ते विसरत नाही. जागेवरून ढकलाढकली करून त्या माझ्यात निजल्या की जाईबाई दांड्यांमधून हात घालून एकेकीच्या पाठीवरून फिरवत.

अशात समोरच्या खोलीतल्या पद्मजाला दिवस गेले. पद्मजा बी. ए. झालेली. नळावर आली की माझ्याकडे बघत उभी राही. एकदा ती आपल्या नवऱ्याला, रघुवीरला, हळू आवाजात म्हणाली, "मला बाळासाठी तोच पाळणा हवाय."

"मग माग की."

"कसं मागू? जाईबाईंच्या घरी पहिल्यांदाच तो भरलाय. आणि त्या पिसवा! त्या धुऊन तरी जातील का हो?"

ती विचारायला धजेना. पण जाईबाईंना तिची नजर कळली होती. त्यांनी भिवांना सांगितले, "येत्या आयतवारी रे रोडच्या वखारीतून नव्या खुराड्याक फळकुटां घेवन या. पोरीक पाळणो लागतलो."

तो आयतवार आलाच नाही. म्हणजे आला, पण संचारबंदी घेऊन. छप्पन्न सालचा जानेवारी होता. मुंबई महाराष्ट्रात हवी म्हणून माणसे रस्त्यावर उतरली होती, गोळीबार होत होता, वखारी बंद होत्या. आणि त्याच धामधुमीत, महिनाभर आधीच, पद्मजाला मुलगी झाली. एवढीशी.

जाईबाईंनी फळकुटांची वाट पाहिली नाही. एकेक कोंबडी बाहेर काढून त्यांनी मला सुलटा केला, आणि भिवांनी जपलेल्या तीन दांड्या परत बसवल्या. आता कोंबड्यांना काय? तेवढ्यात गुणाजी आपला लाकडी फळा घेऊन आला. त्यावर त्याने तेलरंगाने 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असे रंगवले होते.

"अरे, तुझो फळो?"

"असू दे काकी. मोर्च्याला छप्पर लागत नाही, कोंबड्यांना लागतं."

चहाचे खोके, रॉकेलच्या डब्यांचा पत्रा आणि वर गुणाजीचा फळा. झाले नवे खुराडे.

पद्मजा बाजेवरून निरोप धाडत होती. उकळते पाणी ओता. सोड्याने घासा. कडुनिंबाचा पाला चोळा. उन्हात ठेवा. पुन्हा उकळते पाणी. माझा रंग राहतो की जातो, असे मला झाले. शेवटी तिने स्वतः मला हुंगून पाहिले, तेव्हा कुठे मी पास झालो.

इकडे सगळे जाईबाईंना सांगत होते, "चार दिवस कोंबड्यांना नव्या खुराड्यात कोंडून ठेवा, म्हणजे घर ओळखतील."

"माणसांका कर्फ्यू हा, तितको पुरे," जाईबाई म्हणाल्या. "माज्या कोंबड्यांका नको." मग रोज संध्याकाळी त्या चौदा जणी मला शेवग्याखाली शोधत, आणि जाईबाई त्यांना पकडून पकडून आत घालत.

बाराव्या दिवशी उन्हे कलताना बारसे होते. बाळाची आत्या गिरगावला, ती संचारबंदीमुळे येऊ शकत नव्हती. नाव कोण ठेवणार? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जाईबाई उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. मूल नसलेल्या बाईने अशा वेळी पुढे होऊ नये, असे तेव्हा मानत.

"जाईबाई, आत या," पद्मजा म्हणाली. "नाव तुम्ही ठेवायचं."

"मी? माका लोक कोंबड्यांची आवस म्हणतत गो."

"मग आईच ना? याच पाळण्यात चौघी-पाचजणी नाही, चौदा वाढवल्यात. आजपासून हिची आत्या तुम्ही."

जाईबाई वाकल्या. माझा काठ त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"संयुक्ता ठेवा, संयुक्ता!" दारातून गुणाजी ओरडला.

"गप रे मेल्या!" म्हणत जाईबाईंनी बाळाच्या कानात सांगितले, "मालन."

बाळाने मोठा टाहो फोडला. काही केल्या थांबेना. आणि तेवढ्यात उंबरा ओलांडून पांढरी कोंबडी आत आली. तिच्यामागे दुसरी, तिसरी... लुगड्यांमधून वाट काढत चौदाही जणी आल्या आणि माझ्याखाली दाटीवाटीने बसल्या. त्यांना त्यांचे घर सापडले होते.

पद्मजाचा हात केरसुणीकडे गेला. मी पाहिला. पण खालून ती मऊ कुरकुर सुरू झाली आणि बाळ एकदम गप्प झाले. कान देऊन ऐकू लागले. केरसुणीकडे गेलेला हात मागे आला.

"बसू देत," ती म्हणाली. "मोठ्या बहिणी आल्यात बारशाला."

मित्रांनो, मालन आता चार वर्षांची आहे. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, पण गुणाजीने फळा परत नेला नाही. कोंबड्यांच्या दारावर 'झालाच पाहिजे' अजून आहे. मी आणखी दोन घरे फिरून आलो. पुन्हा बसवलेल्या माझ्या त्या तीन दांड्या जरा हलतात.

एवढेच मागतो. घरातली जुनी वस्तू रिकामी ठेवू नका, तिच्यात काहीतरी जीव असू द्या. आणि कुणी ती मागायला संकोचत असेल, तर त्याने तोंड उघडायच्या आधी देऊन टाका. मला रंग द्या, दोर बदला, दांड्या घट्ट करा. फक्त त्या पोपटाला नवी चोच बसवू नका.