डावी किडनी

जयमालाने श्वास रोखला, तसा डॉक्टरांनी तिच्या डाव्या कुशीत सोनोग्राफीचा प्रोब थोडा दाबला आणि पडद्यावरच्या करड्या आकृतीच्या दोन टोकांना फुल्या ठेवल्या.

"सोडा श्वास. लांबी मिळाली. आता रुंदी आणि जाडी."

"मग?" पायाशी उभ्या असलेल्या उज्वलावहिनींनी विचारलं.

"तिन्हींचा गुणाकार करायचा आणि साधारण निम्मा धरायचा. एकशे चौतीस मिली. हा अंदाज, नक्की सीटी स्कॅनमध्ये कळेल. पण आकारमान चांगलं आहे."

"म्हणजे यांना पुरेल." वहिनींनी हात जोडले. "मी म्हटलंच होतं, हिचीच बसणार. हिच्या मागे ना नवरा, ना पोर. आमच्या तेजसचं तर अजून लग्न व्हायचंय."

जयमाला छताकडे बघत राहिली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकचं बुकिंग सांभाळताना ती कुणाचं ऐकून घेत नसे. मधुकरदादाच्या किडन्या गेल्यापासून मात्र तिच्याबद्दलचं सगळं तिच्यासमोर, तिला न विचारता ठरत होतं. तिचा रक्तगट जुळला तेव्हा वहिनींनी पेढे आणले; एक तिच्याही हातावर ठेवला. तेजसचा रक्तगटही तोच होता. पोटच्या मुलाला मात्र तपासणीसाठी कुणी बोलावलं नाही.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉक्टर वहिनींना म्हणाल्या.

"मी घरचीच आहे."

"म्हणूनच."

दार लागलं. डॉक्टरांनी जेल पुसायला टिश्यू दिले.

"तुम्हाला द्यायची आहे का?"

जयमाला कूस पुसत राहिली. कोरडी झाली तरी पुसत राहिली.

"हे कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "दादानेपण नाही. एकदा नुसतं म्हणाला असता, जयू, देशील का, तर..." तिने टिश्यूचा बोळा केला. "नाही. मला नाही द्यायची."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

"मग आम्ही सांगू की तुम्ही दाता म्हणून चालत नाही. कारण सांगत नाही आम्ही. तुमच्यावर बोल येणार नाही."

जयमाला उठून बसली. कुर्ता खाली ओढला.

"माझी किडनी चांगली आहे ना?"

"अगदी."

"मग तसंच सांगा. 'नाही' मी म्हणणार आहे."

बाहेर बाकावर दादा वहिनींशेजारी बसला होता. डायलिसिसने चेहरा काळवंडला होता. तिला पाहून त्याने बाजूची पिशवी मांडीवर घेतली, जागा केली.

ती बसली नाही.

"दादा, तुला काय हवंय ते तू सांग. माझ्याकडे बघून सांग."

दादाने वहिनींकडे पाहिलं.